दोन डिस्क आहेत: मिरर करायच्या की एक घराबाहेर ठेवायची?

समजा ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेण्याइतकं बजेट आहे, जेलिफिन (स्वतःच्या सर्व्हरवरचे सिनेमे घरातल्या टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं ठरलंय, आणि अडलंय ते एवढ्यावर: दोन्ही डिस्क सर्व्हरमध्ये बसवून मिरर करावा, म्हणजे दोन्हींवर कायम तंतोतंत तोच डेटा ठेवावा, की एक सर्व्हरला लावून दुसरीवर बॅकअप घ्यावा? कोल्हापुरात राहणाऱ्याला मी दुसराच पर्याय सांगेन, आणि ती दुसरी डिस्क घरात ठेवू नका असंही सांगेन.

मिररचा फायदा खरा आहे. एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालू राहतो, नवी डिस्क लावली की जोडी पुन्हा पूर्ण होते. ज्या ऑफिसचं काम तासभरही थांबून चालत नाही, तिथे हे हवंच. घरात मात्र दोन दिवस सिनेमा दिसला नाही तर काही बिघडत नाही. शिवाय मुलांच्या हातून एखादा फोल्डर डिलीट झाला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला किंवा पीसीचा पॉवर सप्लाय जळताना दोन्ही डिस्कना घेऊन गेला, तरी तेच.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथल्या लोकांना हे आकडे वेगळे सांगायला नकोत. सर्व्हर बहुतेक घरांत टीव्हीखालच्या कपाटात, राउटरशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. पाणी गल्लीत शिरलं की माणसं कागदपत्रं, दागिने, औषधं आणि गॅस सिलिंडर वर नेतात. त्या गडबडीत स्क्रू काढून डिस्क सोडवत कोणी बसत नाही.

म्हणून दुसरी डिस्क राजारामपुरीसारख्या उंच भागात बहिणीकडे, मित्राकडे, वरच्या मजल्यावर ठेवा. पुण्यातल्या नातेवाइकाकडे ती आणखी सुरक्षित राहील, पण तिथे दिवाळीला नाहीतर गणपतीलाच जाणं होतं आणि मधल्या महिन्यांचं काहीच तिच्यावर नसतं. गावातली डिस्क महिन्यातून एकदा घरी आणून ताजी करता येते, त्यामुळे मला तीच बरी वाटते. बॅकअप घेऊन झाला की ती त्याच दिवशी परत गेली पाहिजे. कायम सर्व्हरला जोडून ठेवलेल्या बॅकअपला सर्व्हरचीच संकटं गाठतात.

क्लाउडचं काय? १०० एमबीपीएसचा अपलोड पूर्ण वेगाने मिळाला तरी १ टीबी चढायला साधारण २२ तास लागतात, ८ टीबीला आठवडाभराहून जास्त, आणि भाडं दर महिन्याला सुरूच. सगळ्या सिनेमांसाठी हा खर्च मी करणार नाही. पण लग्नाचं शूटिंग, व्हीएचएसवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट, आजीच्या आवाजातल्या ओव्या या गोष्टी पुन्हा कुठेच मिळणार नाहीत. त्या घराबाहेरच्या डिस्कवरही हव्यात आणि क्लाउडवरही. कपाटात डीव्हीडी असलेला सिनेमा पुन्हा रिप करता येतो, म्हणजे डीव्हीडीवरून फाइल म्हणून उतरवता येतो, त्याची नुसती यादी जपली तरी भागतं. खरेदीआधी ही विभागणी कराच. पुन्हा न मिळणारा भाग दीड-दोन टीबीच भरला, तर बॅकअपची डिस्क ८ टीबीची घ्यायची गरजच उरत नाही.

सर्व्हर म्हणून सिनॉलॉजी-क्यूनॅपसारख्या कंपनीचा, डिस्क बसवायचा तयार डबा की जुना पीसी? डबा वीज कमी खातो आणि कटकट कमी असते, पण स्वस्त मॉडेलचा प्रोसेसर ४के ट्रान्सकोडिंगला (व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलण्याला) दमतो. सातव्या पिढीचा किंवा नंतरचा, ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर १०-बिट एचईव्हीसी (४के सिनेमांचा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट) सहज डिकोड करतो. सतत ४० वॅट घेणारा पीसी महिन्याला साधारण २९ युनिट जाळतो, तेवढं बिल मान्य असेल तर मी पीसी निवडेन. पुढे डिस्क वाढल्या की मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणारं) आणि स्नॅपरेड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करणारं) ही सॉफ्टवेअर लावता येतात. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क चालतात, फक्त पॅरिटीची डिस्क, म्हणजे डेटा परत उभा करायला लागणारी माहिती साठवणारी डिस्क, सगळ्यांत मोठ्या डिस्कएवढी तरी लागते. प्रत्येक डिस्कवरच्या फाइली स्वतंत्र राहतात, म्हणून एकदम दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्या वाचता येतात.

विकत घेताना डिस्क सीएमआर आहे ना, हे विचारा. एसएमआर प्रकारात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, त्यामुळे पुन्हा लिहिताना ती डिस्क मंदावते; सीएमआरमध्ये तसं होत नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्याही काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या. बॅकअपला एसएमआर चालते, मिररला किंवा झेडएफएसला (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिमला) नको. यूपीएस दोन्ही पर्यायांत घ्यावाच लागेल.

बाहेर ठेवायची डिस्क व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कोणाला वाचता येणार नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाकडे द्या आणि त्या माणसाकडूनच एकदा डिस्क उघडून, एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून घ्या.