फायबर, टॉवर की उपग्रह? इंटरनेट निवडणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी

ग्रामसभेत इंटरनेटचा विषय निघाला की पहिला प्रश्न वेगाचा येतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते हे की, जोडणी बंद पडली तर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? शाळेचा वर्ग, पंचायतीचे दाखले आणि मुंबई-पुण्यातल्या मुलांशी होणारे व्हिडिओ कॉल एवढे काम तिन्ही पर्यायांवर होऊ शकते. खरा फरक कळतो तो बंद पडल्यानंतर.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर, म्हणजे प्रकाशाने माहिती नेणाऱ्या काचेच्या धाग्यांची केबल, नेण्याचे ठरले, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने महानेट म्हणून हाती घेतले. त्यामुळे अनेक गावांत केबल पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेली असते. अडते ते तिथून वाड्या-वस्त्यांपर्यंतच्या अंतरावर. क्षमतेच्या बाबतीत फायबरला तोड नाही. एकच धागा अनेक घरांत वाटून देणाऱ्या प्रचलित जीपॉन तंत्रात त्या धाग्यावरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट (अडीच हजार मेगाबिट) माहिती येते, म्हणजे ३२ घरांनी एकाच वेळी पुरेपूर वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७५ मेगाबिटच्या आसपास वेग येतो. अर्थात तालुक्याकडून येणारी मूळ जोडणी तेवढी सक्षम असेल तर.

फायबरचे दुखणे जमिनीत आहे. आमच्या गावी नळयोजनेचा चर खोदताना जेसीबीने केबल तोडली. तालुक्याहून आलेल्या माणसाने चरावर ताडपत्री धरायला लावली, केसाएवढे धागे स्पिरिटने पुसले आणि यंत्रात समोरासमोर ठेवून वितळवून जोडले. हे काम अर्ध्या तासात उरकले, पण तो माणूस येईपर्यंत नऊ दिवस गेले होते आणि दाखल्यांसाठी आलेली माणसे रोज परत जात होती. सुरुवातीच्या टप्प्यांत बहुतेक ठिकाणी केबल एका रेषेत टाकल्यामुळे एक तुकडा तुटला की त्यापुढची सगळी गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार मांडणी स्वीकारली आहे, जेणेकरून एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने जोडणी टिकावी. आपले गाव या वर्तुळात आले आहे का, हे पंचायतीने लेखी विचारावे.

टॉवरवरून घरात घेतलेले फाइव्ह-जी इंटरनेट, ज्याला एअरफायबर म्हणतात, २०२३ पासून मिळू लागले आहे. खोदकाम नसल्याने ते लवकर बसते. परंतु त्याच टॉवरवर गावातले मोबाइलही असतात, म्हणून संध्याकाळी वेग उतरतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांतल्या वाडीला टॉवर दिसतच नाही. तरीही फायबर आले म्हणून टॉवरचा पाठपुरावा सोडणे चुकीचे ठरेल, कारण ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो आणि घरातले फायबर बांधावर पोहोचत नाही.

उपग्रहाचा विचार भामरागड किंवा धडगावच्या दुर्गम पाड्यांसाठी, जिथे हे दोन्ही पर्याय नाहीत, तिथेच करावा. जुन्या पद्धतीचा उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे बोलणे जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत ही अडचण जवळजवळ राहत नाही. मात्र डिशला मोकळे आकाश लागते आणि खर्च जास्त येतो.

म्हणून पंचायतीपर्यंत केबल आली असेल तर गावठाणासाठी फायबरच घ्यावे, आणि घरोघरची जोडणी जवळच्या केबलवाल्याने भारतनेट उद्यमी (या योजनेतला स्थानिक जोडणी देणारा व्यावसायिक) म्हणून द्यावी, कारण तो हाकेच्या अंतरावर असतो. ज्यांना मासिक प्लॅन परवडत नाही त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय विकता येते. करार करताना दुरुस्तीची मुदत तासांत लिहावी, मुदत उलटली तर त्या दिवसांचे पैसे कापण्याची अट घालावी, आणि पंचायतीतल्या फायबरच्या पेटीची बॅटरी कोणी बदलायची हेही त्याच कागदावर नोंदवून घ्यावे. वीज गेली आणि ती बॅटरी मेलेली असली, तर धड केबल असूनही गाव बंदच राहते.