हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी : सोलापुरातील एका वारसाहक्क सल्लासेवेचा अनुभव

गेल्या वर्षी वडील वारले. महिनाही उलटला नव्हता तोच धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, एक सही करायची आहे, उद्या अकराला कोर्टाकडे ये." मी गेले. दस्त लिहून देणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर हक्कसोडपत्र छापून तयार होते. माझे आणि थोरल्या बहिणीचे नाव, वय, पत्ता आणि गटनंबर एवढाच मजकूर आमचा होता. बाकीचा सगळा आधीच्या कोणाच्या तरी दस्तातून जसाच्या तसा उतरला होता. त्यात 'स्वखुशीने व कोणत्याही दडपणाला बळी न पडता' हे शब्दही होते. मी नेमके काय आणि किती सोडून देते आहे, हे त्या टेबलावर मला कोणी सांगितले नाही. चष्मा घरी राहिला असे सांगून मी सही न करता परतले आणि पुढच्या आठवड्यात, एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून, ज्या सल्लासेवेबद्दल हे लिहीत आहे तिथे पोहोचले.

ही सेवा एक अनुभवी वकीलबाई दोन सहकाऱ्यांसह चालवतात. वकिलांना व्यवसायाची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. पहिल्या भेटीचे पाचशे रुपये घेतले आणि न मागता पावती दिली. माझ्यासोबत आलेल्या चुलतभावाला त्यांनी नम्रपणे बाहेर बसायला सांगितले, कारण सही जिची मागितली आहे तिच्याशी आधी एकटीशी बोलायचे, हा त्यांचा नियम आहे. माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल या एका नियमात आहे. भाऊ, दीर किंवा नवरा शेजारी बसलेला असताना आमच्यासारख्या बायका मान डोलावतात आणि त्या मान डोलावण्यालाच पुढे संमती म्हटले जाते.

त्यांनी सातबारा पुढे ठेवून कागदावर हिशेब मांडला. जमीन सहा एकर, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. जमीन वडिलोपार्जित धरली तरी आणि वडिलांची स्वकष्टार्जित धरली तरी आमच्या घरात उत्तर एकच येते : प्रत्येकाचा पाचवा हिस्सा, म्हणजे एक एकर आठ गुंठे. 'एक सही' म्हणून जे मागितले जात होते, त्याचा हा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतरचे वीस मिनिटांचे विवेचन मला फार मोलाचे वाटले. संविधानाच्या कलम १४ आणि १५ ने १९५० सालीच समानता दिली, लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. पण घराच्या उंबऱ्याआत ती यायला अर्धशतक लागले. हिंदू स्त्रियांना वारसा आणि विवाहात हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे ते एक प्रमुख कारण होते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क मुलांपुरताच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, मात्र आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझ्या बहिणीचे लग्न १९९१ चे, माझे १९९९ चे. म्हणजे एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या आम्हा दोघींपैकी एकीला हक्क आणि दुसरीला नाही, असे तेव्हा झाले होते! २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट उरली नाही, आणि मुलीच्या या हक्कासाठी २००५ मध्ये वडील हयात असणेही आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

माझ्या पिशवीत सासूबाईंच्या माहेरचा एक जुना उतारा होता, तोही मी दाखवला. त्यावर भावांची नावे कब्जेदार, म्हणजे जमिनीचे धारक म्हणून होती आणि सासूबाईंचे नाव त्यांच्यात नव्हे, तर बाजूच्या 'इतर हक्क' या रकान्यात होते. बहिणींची नावे त्या रकान्यात टाकून मोकळे होण्याची पद्धत गावोगाव चालत आलेली आहे, असे त्यांनी सांगितले. सासूबाई तो उतारा चाळीस वर्षे देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत आल्या आहेत, आपले नाव जमिनीवर लागले आहे या समाधानात. हे ऐकताना मला रडू आवरले नाही.

"तुझ्या लग्नाला खर्च झाला" आणि "हिस्सा मागितलास तर माहेर तुटेल" ही भावांची दोन्ही वाक्ये मी त्यांच्यापुढे ठेवली. लग्नाचा खर्च हा वारसाहक्काचा मोबदला ठरत नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितले. दुसऱ्या वाक्यावर त्यांनी मला भावांविरुद्ध भडकवले नाही, याचा मी आदराने उल्लेख करते. "हक्क सोडायचाच असेल तर दस्त मीच लिहून देईन," त्या म्हणाल्या, "पण आधी वारस म्हणून तुमचे नाव लागू द्या, मग दस्त मोठ्याने वाचू, आणि मग ठरवा." तलाठ्यापुढे दिलेल्या नुसत्या जबाबाने हक्क सुटत नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो, हेही मला तिथेच कळले. दावा करण्याची वेळ आलीच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, हे स्वतःचे काम बुडण्याची पर्वा न करता त्यांनी आपणहून सांगितले.

उणिवाही आहेत आणि त्या सुधारायला हव्यात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. माझ्या आईला तिथे नेता आले नाही. वेळ सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच. माझ्या शेजारी पूर्व भागातून आलेल्या एक विडी कामगार बाई बसल्या होत्या; त्यांची दिवसभराच्या विड्यांची मजुरी त्या दिवशी बुडाली होती. त्या तेलुगू बोलत होत्या आणि शाळकरी मुलगी भाषांतर करत होती. जिथे घराघरांत तेलुगू आणि कन्नड बोलली जाते, त्या सोलापुरात माहितीपत्रक केवळ मराठीत असावे हे मला पटत नाही, आणि आईच्या मालमत्तेची गोष्ट दहा वर्षांच्या लेकीच्या तोंडून वकिलापर्यंत पोहोचावी हे तर मुळीच नाही. रविवारी दोन तास आणि तेलुगू जाणणारी एक सहकारी, एवढे झाले तरी या सेवेचा उपयोग कितीतरी वाढेल.

वारसनोंदीचा अर्ज त्यांनीच ऑनलाइन भरून दिला. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली, हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे नोंदीतील बदल, मंजूर केला. आता सातबाऱ्यावर आईसह आमची पाच नावे आहेत. वाटप अजून व्हायचे आहे. थोरला भाऊ बोलत नाही. धाकटा भाऊबीजेला आला, ओवाळून घेतले आणि जेवून गेला.

जाणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि स्वतः लिहिलेली वंशावळ सोबत न्यावी. वंशावळीत लग्न झालेल्या मुलींची नावेही लिहावीत. माझ्या पहिल्या कागदावर माझ्याच हातून बहिणीचे नाव राहून गेले होते आणि ते वकीलबाईंनी विचारून लिहून घेतले.