योक आणि पेडलांचा घरगुती संच: मालवणात आठ महिने वापरल्यानंतर

पुतणीला वैमानिक प्रशिक्षणासाठी बारामतीला पाठवायचे ठरले, तेव्हा तिथले महागडे तास सुरू होण्याआधी घरीच थोडा सराव व्हावा म्हणून मी संगणकावरच्या आभासी विमानासाठी योक (नाक वर-खाली करणारे, विमान कलवणारे हातातले सुकाणू), थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा) आणि रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायपेडले) असा संच ३८ हजारांना घेतला. शिकाऊ वैमानिकांना पहिले धडे देण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने अपेक्षा बेताच्याच होत्या. व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत यावरचा एकही तास धरला जात नाही, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

क्रम अंगवळणी पाडण्यासाठी संच उत्तम आहे. चढायला सुरुवात करताना आधी पॉवर, मग नाक, मग ट्रिम (योकवरचा दाब घालवणारे छोटे चाक). ठरलेल्या उंचीवर सरळ होताना मात्र आधी नाक, वेग वाढला की पॉवर आणि शेवटी ट्रिम. हा फरक विमानात बसून समजावताना इंजिनाच्या आवाजात निम्मे शब्द हरवतात. इथे विमान हवेत थांबवून चहा पिता पिता समजावता येते.

खरी अडचण ट्रिमची. विमानात नाक हवे तिथे धरायचे, योकवर जाणवणारा दाब ट्रिमचे चाक फिरवून नाहीसा करायचा, आणि मग बोटे सैल सोडली तरी नाक तिथेच राहते. म्हणजे ट्रिम हा डोळ्यांपेक्षा हाताने शिकायचा विषय. या योकला मात्र मध्यावर ओढणारी एकच स्प्रिंग आहे, त्यामुळे वेग ६० नॉट असो की ११०, हाताला दाब सारखाच लागतो, आणि ट्रिम फिरवल्याने तो हलका होत नाही, तर योकच हळूहळू मध्यावर परत न्यावा लागतो. परिणामी दुसऱ्याच महिन्यात पुतणी योक जवळजवळ सोडून ट्रिमनेच नाक वर-खाली करू लागली. ही खोड मोडायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर तिचा माझ्याशी अबोला होता.

दुसरी खोड डोळ्यांची. एकाच पडद्यावर वेग-उंची दाखवणारी घड्याळे ठळक आणि बाहेरचे जग चिमुकले दिसते, म्हणून नवशिक्याची नजर वेगाच्या काट्याला चिकटते, आणि काटा उशिरा हलत असल्याने नाक सतत वर-खाली होत राहते. मी पडद्याच्या खालच्या भागावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला. मग पडद्यावरच्या चिपी विमानतळाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला उड्डाण करायचे, समोर समुद्राची स्वच्छ क्षितिजरेषा ठेवायची, नाक तिच्या किती वर आहे ते सांगायचे आणि नंतरच कागद उचलून सेसना १७२ या छोट्या विमानाचा चढणीचा ७४ नॉट वेग जमला का ते पाहायचे. पूर्वेला वळल्यावर ती सह्याद्रीच्या माथ्यालाच क्षितिज समजून नाक उचलायची. ही चूक घरी झाली ते बरेच झाले.

पेडलांनी उजवा पाय जागा केला, हे मान्य करावे लागेल. चढताना पूर्ण पॉवर आणि कमी वेग असला की नाक डावीकडे सरकते आणि ते उजव्या पेडलाने सावरायचे, हे आता तिच्या पायाला सांगावे लागत नाही. मात्र बॉल (विमान बाजूला घसरतेय का ते दाखवणारी नळीतली गोळी) बाजूला गेल्यावर खुर्चीत अंग जसे एका बाजूला ढकलले जाते, ते इथे अर्थातच मिळत नाही.

टिकाऊपणाबद्दल तक्रार आहे. खाऱ्या, दमट हवेने पावसाळ्यात डाव्या पेडलाचा सेन्सर बिघडला आणि पाय स्थिर असतानाही रडर थरथरू लागला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो दोनदा सुधारला, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी चुंबकीय सेन्सरचीच पेडले घ्यावीत. वीज जाण्याचा त्रास इतका, की यूपीएसही घ्यावा लागला.

पुतणीची बारामतीतली सहा उड्डाणे झाली आहेत. "काका, ट्रिम केल्यावर योक खरंच हलका होतो हो!" असे तिने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितले. आता शेजारचा मुलगा शिकायला येणार आहे. योक तोच राहील, पेडले नवी येतील, आणि कागद या वेळी पहिल्या दिवसापासून लागेल.