नळीवरचा ५.५ आणि नियमातला ५.५

पोराला नाहीतर पोरीला एअर रायफल घेऊन द्यायच्या विचारात असलेल्या सांगली-साताऱ्याकडच्या पालकांनी हे वाचाच. आमच्या दाजींचे ७८ हजार अडकलेत, आणि ज्यानं ते घेतले तो अजून धंदा करतोय.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून आमच्या भागात नेमबाजीचं वारं सुटलंय, आणि त्या वाऱ्यावर ‘रायफल मिळवून देतो’ म्हणणारेही उगवलेत. माझी भाची नववीत आहे, १० मीटर एअर रायफल मारते. रेंजवरची रायफल पाळीपाळीनं मिळायची, म्हणून दाजींनी तिला स्वतःची घेऊन द्यायचं ठरवलं. साताऱ्याचा एक विक्रेता ओळखीतून घरी आला.

माणूस बोलण्यात भारी. पोहे खातखात आधी मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचेसचे व्हिडिओ दाखवले. लोक लाकडी अडथळ्यांवर रायफल टेकवून, घड्याळ लावून, लांबच्या लोखंडी पाट्या उडवतायत. “पाव्हणं, आता असल्या मॅचेस इकडं पण येणार. पोरगी पुढं जायची तर बोअर मोठाच पायजे.” बोअर म्हणजे नळीचं आतलं भोक. मग परसात जाऊन तेलाचा पत्र्याचा डबा आरपार केला. दाजी तिथंच निम्मे गार झाले.

खरा डाव पुढं होता. भाची म्हणाली, “आमच्या सरांची साडेचार मिलिमीटरची आहे.” त्यानं रायफल आडवी धरली, नळीवर कोरलेल्या ५.५ वर बोट ठेवलं आणि मोबाइलमधला नियमाच्या पानाचा फोटो पुढं केला. “हे बघ बाळ, एअर रायफलपुढं ५.५ च लिहिलंय का नाही? आणि ५.५ म्हणजेच पॉइंट टू-टू इंच. स्वप्नील कशानं मारतो? पॉइंट टू-टूनंच.” फोटोत आकडा होता, हे खरं. फक्त कडेनं असा कापलेला की त्यापुढचं काही दिसू नये.

नळीवरचा ५.५ बोअरच्या मिलिमीटरचा, फोटोतला ५.५ किलोचा होता. १० मीटर एअर रायफलचं वजन ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, असा तो नियम. कॅलिबर, म्हणजे तोच बोअर, ४.५ मिलिमीटर, त्यात पळवाट नाही. स्वप्नीलचं पॉइंट टू-टू ही बारुदाची गोळी, परवान्याचं हत्यार, खेळ ५० मीटरचा. हवेवर चालणाऱ्या ५.५ च्या रायफलला या स्पर्धांत कुठल्याच प्रकारात जागा नाही. वर त्यानं चार हजार जास्त लावून दुर्बीण बसवून दिली होती. १० मीटरला दुर्बीणही चालत नाही, बारीक भोकाची पीप साइट लागते.

रेंजवरच्या सरांनी काही न बोलता ४.५ चा एक छर्रा त्या रायफलच्या ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ठेवून नळीचं तोंड खाली केलं. छर्रा सुळकन घसरत येऊन फरशीवर टिचकला. भाचीचा चेहरा बघवत नव्हता.

आणि ताकदीचं म्हणाल तर मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरनं जातो, डबे फोडायला तो नसतोच. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं ट्रिगर, तोल आणि दर वेळी सारखाच जाणारा छर्रा लागतो. त्या अमेरिकन मॅचेसमध्येसुद्धा बरेच जण सहा मिलिमीटरची, कमी धक्क्याची गोळी पसंत करतात. धक्का कमी असला की आपली गोळी कुठं लागली हे दुर्बिणीतून स्वतःला दिसतं. म्हणजे त्यानं दाखवलेला व्हिडिओच त्याच्या बोलण्याच्या उलटा होता!

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण झोप उडवली ती परवान्यानं. “एअरगनला लायसन लागत नाही” हे अर्धंच खरं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सूट आहे ती बोअर ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर. ही रायफल बोअरमध्येच बाहेर. विकून मोकळं व्हा, असं दोघातिघांनी सुचवलं. वकील म्हणाले, विकलीत तर बिनपरवाना विकणारे तुम्ही. त्यांच्यामार्फत लेखी तक्रार देऊन रायफल पोलीस ठाण्यात जमा केली, पोच घेतली.

बिल त्यानं दिलंच नव्हतं. “जीएसटी वाचतोय की तुमचा” म्हणाला होता. निम्मी रक्कम रोख, तिचा पुरावा शून्य. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज एवढ्यावर ग्राहक आयोगात अर्ज केलाय. त्यामुळे घ्यायचीच असेल तर आधी नळीवरच्या आकड्याचा आणि सिरीयल नंबरचा फोटो मागवा, तो प्रशिक्षकांना दाखवा, आणि तोच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मिळाल्याशिवाय दमडी देऊ नका. जुनी घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा; दहा वर्षं उलटली की स्पर्धेत तो चालत नाही. नवी मॅच रायफल लाखांत जाते. ७८ हजारांत ‘इंपोर्टेड मॅच पीस’ कुणी देत असेल तर तिथंच थांबा.

भाची सध्या परत रेंजच्या रायफलवर आहे. आणि गेल्या आठवड्यात कराडच्या एका पालकांचा मला फोन आला. त्यांनाही मोबाइलवर तोच कापलेला फोटो आलाय, खाली लिहिलंय, ‘शेवटचा पीस, आजच बोला.’