रिंगण, ग्रुप की अमृततुल्य? कबड्डी संघाशी बोलायचं कुठं?

मंडळाच्या कबड्डी संघाची जबाबदारी नुकतीच ज्याच्या गळ्यात पडलीय, त्याच्यासाठी हे लिहितोय. सराव कसा घ्यायचा हे सांगणारे पुण्यात प्रत्येक पेठेत दहा भेटतील. पोरांशी बोलायचं कुठं आणि कधी, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि संघ फुटतो तो बहुतेक वेळा तिथंच. माझ्यापुढे तीन वाटा होत्या: सराव संपल्यावर मैदानातच रिंगण करून बोलायचं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलायचं, नाहीतर एकेकाला चहाला न्यायचं. तिन्ही करून पाहिल्या आणि तिन्हींत एकेकदा तोंडावर आपटलो.

आधी संघ कसला ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. बारा जण. त्यातले तिघे चाकणला एमआयडीसीत, शिफ्टवाले. दोघे हिंजवडीत, म्हणजे सात म्हणाले की साडेआठ धरायचे. एक पार्सल पोचवतो, बाकीचे कॉलेजचे. सगळे बाराच्या बारा एका संध्याकाळी मैदानावर मी अख्ख्या हंगामात दोनदा पाहिले असतील. अशा वेळी ग्रुपचा मोह होणारच. मेसेज टाकला की काम झालं, असं वाटतं.

तसं ते होत नाही. स्थानिक स्पर्धेतला उपांत्यपूर्व सामना. शेवटची चार मिनिटं, आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरचा हुकमी चढाईपटू आत आला. आमचा डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू, आणि त्याच्या शेजारचा ‘इन’ हात धरून, साखळी करून उभे. इनने हात दाबला, कोपरा झेपावला, घोटा मिळालाही. पण इन आणि त्याच्या पलीकडचा ‘कव्हर’ दोघंही जागेवरच. कव्हर जागा झाला तोवर पोरगं मध्यरेषेवर, आणि जाता जाता त्यालाही हात लावून गेलं. दोन गुण गेले, मग लय गेली, मग सामना.

त्या रात्री ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘साखळी झोपली होती का?’ पुढे हसण्याच्या चार बाहुल्या. त्यानं मस्करीच केली होती, पण लेखी मस्करीला आवाज नसतो. साडेअकरापर्यंत दीडशेच्या वर मेसेज झाले. जुन्या स्पर्धांचा हिशेब निघाला, कुणाचे बूट कुणी नेले तेही निघालं. कोपऱ्यानं लिहिलं, ‘हात दाबला म्हणून गेलो.’ इनने लिहिलं, ‘मी थांब म्हणून दाबला होता.’ सामना ज्यात गेला ती गोष्ट या दोन ओळींत होती. त्या गदारोळात त्या कुणी वाचल्याच नाहीत, मीसुद्धा नाही. कोपरा ग्रुपमधून बाहेर पडला आणि दोन आठवडे मैदानावर फिरकला नाही.

पुढे त्याला घरी जाऊन आणलं आणि रिंगणात विषय काढला. पाच मिनिटांत उलगडा! इन आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या मंडळात खेळायचा. तिथं हात दाबला की ‘थांब’. आमच्याकडे दाबला की ‘जा’. वर्षभर दोघं शेजारी उभे होते, पण कधी एकमेकांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी ठरलं: दाबला तर थांब, ओढला तर जा. नुसतं ठरवून सोडलं नाही. तिथंच वीस वेळा करून घेतलं, कारण अंगात मुरल्याशिवाय सामन्यात आठवत नाही.

कबड्डीत हे जास्त महत्त्वाचं का? कारण खेळताना बोलायला वेळच नसतो. चढाई तीस सेकंदांची. आपला चढाईपटू समोर असताना त्याला आपल्याच माणसानं सूचना दिली, तर नियमाप्रमाणे गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. टाइमआउटही जेमतेम तीस सेकंदांचा; तेवढ्यात पाण्याची बाटली फिरते आणि शिट्टी होते. म्हणजे बोलणं आधी, आणि तेही एकेका शब्दावर आणून ठेवलेलं. पुणेरी पलटणनं 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला हरवून प्रो कबड्डीचं विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं, ते 28-25 असं. फरक तीन गुणांचा, म्हणजे लोणाचे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) दोन आणि वर एक. आपल्या गल्लीतल्या सामन्यांतही हरलेले गुण मोजून पाहा, आमच्यासारखा एखादा चुकीचा दाबलेला हात त्यात सापडेल.

मग रिंगणच करावं का? बरंचसं हो. धाप पुरती बसलेली नसते, त्यामुळे माणूस लांबण लावत नाही. समोरच्याचा चेहरा दिसतो. पण दोन खोट आहेत. पहिली, जुनी खोडं बोलतात आणि नवी पोरं माना हलवतात. यावर मी सर्वांत लहान पोराला आधी बोलायला लावतो आणि स्वतः शेवटी बोलतो. (दुसरं फार अवघड जातं.) दुसरी खोट मोठी: रिंगणात नाव घेऊन चूक काढली की ती सगळ्यांसमोर काढली जाते. आमच्या एका चढाईपटूला मी असंच सुनावलं, ‘सहा जण समोर असताना बोनस का घेत नाहीस?’ (बोनस म्हणजे समोरच्यांच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळवायचा गुण.) तो ‘हो दादा’ म्हणाला आणि पुढच्या दोन सामन्यांत बोनसच्या बाजूला पायसुद्धा टाकला नाही. आणि हरल्यावर लगेच रिंगण करू नका. शेकहँड करा, घरी पाठवा, पुढच्या सरावाला बोला.

त्याच पोराला नंतर अमृततुल्यवर नेलं. टपरीवर दोघं शेजारी उभे, नजर रस्त्यावर. समोरासमोर बसण्यापेक्षा हे बरं. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, ‘दादा, डावा पाय लांब टाकला की गुडघा सरकल्यासारखा होतो. सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं ना?’ हे रिंगणात कधीच आलं नसतं. ग्रुपवर तर प्रश्नच नाही. चहाची वाट संथ आहे, बारा जणांना महिना लागतो, आणि एकाला दोनदा नेलंत की ‘दादाचा लाडका’ सुरू होतं. म्हणून बाकावर बसणाऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांच्याशी कुणीच बोललेलं नसतं.

आता निवड. संघ शाळकरी मुलामुलींचा असेल, तर ग्रुपमध्ये आईबाप असतात. तिथं वेळ आणि मैदान यापलीकडे एक अक्षर लिहू नका, रिंगणावर भर द्या आणि अंधार पडायच्या आत सोडा. नोकरदारांचा असेल तर ग्रुप लागतोच, पण मेसेज फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतील अशी सेटिंग करा आणि कोण येणार याचा पोल दुपारीच घ्या. शिफ्टमुळे ज्याचं रिंगण चुकलं, त्याला ठरलेलं फोन करून सांगा, टाइप करू नका. दोन मंडळांची पोरं एकत्र करून संघ बांधताय? मग पहिल्या आठवड्यात डावपेच राहू द्या, आधी शब्द आणि खुणा जुळवा. स्पर्धेला पंधराच दिवस असतील तर चहाला वेळ नाही. रिंगण घ्या आणि मोडलेलं नंतर जोडा.

फोन एका बाबतीत रिंगणाला भारी पडतो, ते म्हणजे व्हिडिओ. अंतिम रेषेमागे फोन लावून ठेवला की पकडीच्या वेळी कुणाचे पाय कुठं होते ते दिसतं, वाद राहत नाही. फक्त तो ग्रुपवर टाकू नका. ज्याचा आहे त्याला बाजूला घेऊन दाखवा, आवाज बंद करून.

आमच्या ग्रुपवर आता वेळ, मैदान आणि गाडी कोण आणतोय एवढंच असतं. तो कोपरा अजून खेळतो, चांगला खेळतो. ग्रुपमध्ये मात्र परत आला नाही. त्याला सरावाची वेळ मी रोज फोन करून सांगतो.