भुताटकीच्या बोर्डिंगची दोन पुस्तकं, आधी कुठलं द्यायचं?

भाची नववीत गेलीय, इंग्लिश बऱ्यापैकी वाचते आणि यंदाच्या पावसाळ्यात तिला झपाटलेल्या बोर्डिंग स्कूलचीच गोष्ट पाहिजे, म्हणून मी दोन पुस्तकं परत वाचून काढली. लॉइस डंकनचं १९७४ चं 'डाऊन अ डार्क हॉल' आणि लिबा ब्रेचं २००३ चं 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्युटी'.

डंकनचं पुस्तक छोटं, दोन-तीन संध्याकाळीत संपतं. नायिका किट, तिच्या आईनं दुसरं लग्न केलंय, नवराबायको युरोपला निघालेत, म्हणून किटला ब्लॅकवूड नावाच्या बोर्डिंग शाळेत ठेवतात. एवढी मोठी हवेली आणि पोरी चारच! मग एकजण अचानक सुंदर निसर्गचित्रं काढायला लागते, दुसरी कविता लिहायला लागते, आणि किट सकाळी उठते तर बोटं ठणकत असतात, कारण रात्रभर झोपेत पियानो वाजवलेला असतो, तोही तिला एरवी कधी न जमणाऱ्या सफाईनं. मला ती दुखरी बोटंच लक्षात राहिली. हुशारी आपल्या अंगात आली पण आपली नाही, आणि ती आपल्याला आतून खातेय, हे क्लासवर क्लास करणाऱ्या आपल्या पोरींना लगेच कळेल.

ब्रेचं जाड आहे, तीन भागांतला पहिला भाग. सुरुवात १८९५ च्या मुंबईत, पहिल्याच पानावर बाजारातला नाग, आणि तो भाग मला वरवरचा वाटला, परक्याच्या नजरेतली मुंबई. पण नायिका जेम्मा आई गेल्यावर लंडनजवळच्या स्पेन्स शाळेत पोचते तिथनं पुस्तक लई पकडतं. जळालेली, बंद ठेवलेली पूर्वेकडची बाजू, एक जुनी डायरी आणि चार मैत्रिणी. त्यातल्या पिपाची फिट येण्याची गोष्ट लपवून घरचे तिला वयानं मोठ्या श्रीमंत माणसाला द्यायला निघालेत, म्हणजे स्थळं बघायच्या आपल्या घरांतलीच गोष्ट की ही. आणि अ‍ॅन, स्कॉलरशिपवर शिकणारी, तिला ते पावलोपावली जाणवून देतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून गरजू पोरांसाठी बोर्डिंगं काढली, दसरा चौकातनं जाताना ती आजही दिसतात, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला अ‍ॅन फार लागते.

खरा फरक मला असा वाटतो की डंकनकडं शाळा पोरींकडनं ओरबाडून घेते, तर ब्रेकडं पोरी स्वतःच जादूच्या एका दुसऱ्या जगात जातात, कारण बाहेर त्यांच्या हातात काहीच नाही. रात्री लाईट गेल्यावर भीती वाटायला पाहिजे असेल तर डंकन. मैत्री, मत्सर, राग असं सगळं पाहिजे आणि सुरुवातीला दम धरता येत असेल तर ब्रे, आणि पुस्तक म्हणून मला तेच जास्त आवडतं.

तरी भाचीला आधी डंकनच दिलं. अ‍ॅन स्वतःच्या हातावर कापून घेते, ते तिनं एकटीनं वाचू नये असं मला वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडं येईल तेव्हा ब्रे काढू, रोज थोडं, दोघी मिळून.