शिंगाळ्याच्या लीडरपायी २०,९८९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. वीस हजार नऊशे एकोणनव्वद रुपये. एवढ्यात मला काय मिळालं? सहा रिळं तंगूस, म्हणजे मासे धरायचा दोरा. ‘गळ टाकणाराच गळाला लागला’ हा विनोद आतापर्यंत अकरा जणांनी करून झालाय, त्यात माझा सख्खा मेहुणा आणि एक हवालदार आहे. बाराव्याने जरा दम धरावा.

मी काही काल गळ हातात धरलेला माणूस नाही. पंधरा वर्षं नाशिकजवळच्या दारणा धरणाच्या बॅकवॉटरला, मुकणे धरणाला, रीतसर पावती फाडून बसतोय. शिंगाळा मासा कसा ओढतो ते मनगटाला माहीत आहे. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन बारीक आणि ताकदीची, पण खडकावर घासली की सुतासारखी उसवते. शिंगाळ्याला सुळे नसले तरी जबड्यात बारीक दातांची पट्टी असते, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं वाटतं. वर छातीच्या पंखांचे काटे करवती. म्हणून आकड्याजवळचा शेवटचा दीड-दोन फूट दोरा, म्हणजे लीडर, जाड हवा. इतकी वर्षं मी साधा जाड नायलॉन लावत होतो आणि मासे घरी येत होते. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय. मासे घरी येत होते.

दिवाळीच्या आधी मोबाईलवर जाहिरात आली. ‘जपानी फ्लोरोकार्बन लीडर, पाण्यात अदृश्य.’ नंबरवर मेसेज टाकला. पोरगा मराठी बोलणारा, ‘मी मूळचा ओझरचा, गोडाऊन भिवंडीला’ असं सांगणारा. मराठी बोलला म्हणून अर्धा विश्वास तिथेच बसला, खोटं कशाला बोलू. आधी २० मीटरचं सँपल मागवलं, ७८० रुपये. चार दिवसांत आलं, माल अस्सल होता. कडक, काचेसारखा, पाण्यात टाकला की सरळ तळाला. मी खूश होऊन त्याला मासा हातात धरलेला फोटो पाठवला आणि वर कौतुकही लिहिलं. त्याबद्दल शेवटी सांगतो, आत्ता सांगायची हिंमत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पहिला घास गोड, मग ‘होलसेल रेट फक्त या आठवड्यात’. ५० मीटरचं रीळ, ६० पौंड ताण सोसणारं, २,३५० रुपयांना. सहा घेतली तरच हा भाव. मी दोन घेतली, सातपूरच्या मित्राने दोन, मेहुण्याने एक, नाशिकरोडच्या एकाने एक. पैसे सगळ्यांचे, नंबर माझा. ७,०५० आगाऊ आणि ७,०५० माल निघताना. एकूण १४,१००. बोनस नुकताच जमा झालेला, हात सैल होता.

आता ती वेळ सांगतो, जिच्यापायी मला रात्री झोप लागत नाही.

आगाऊ पैसे भरायच्या आदल्या रात्री मी त्याला एक शंका विचारली होती: एवढा महाग लीडर शिंगाळ्याला लागतो का? त्याने ४२ सेकंदांचा आवाज पाठवला. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की मागे वाजणारा पंखासुद्धा पाठ झालाय. ‘सर, शिंगाळ्याला लाईन दिसली ना, की तो तोंड फिरवतो. आपली लाईन त्याला दिसतच नाही.’

दिसतच नाही! अहो, या माशाला चार जोड्या मिशा असतात. मिशांवर, ओठांवर, अंगाच्या कातडीवर चव ओळखणाऱ्या गाठी असतात. तो वासावर आणि चवीवर येतो. आम्ही बसतो रात्री दहानंतर, बॅटरी विझवून, गढूळ पाण्यात, आकड्याला वास मारणारी कोंबडीची कलेजी लावून. तिथे माझी स्वतःची बोटं मला दिसत नाहीत. त्या माशासाठी मी न दिसणारा दोरा विकत घेत होतो! जो बघतच नाही त्याच्यापासून लपायला चौदा हजार. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही, मेहुण्याला मीच हे दहा वेळा शिकवलंय. तरी मी उत्तर काय दिलं? ‘बरोबर आहे.’ ते दोन शब्द अजून त्या चॅटमध्ये आहेत.

गोम अशी की त्याचं शास्त्र खरं होतं. फ्लोरोकार्बन प्रकाश वाकवतो तो साधारण १.४२, पाणी १.३३, नायलॉन १.५३ च्या आसपास; आकडा पाण्याच्या जितका जवळ तितका दोरा कमी दिसतो, म्हणून नितळ पाण्यात, दिवसा, नजरेवर शिकार करणाऱ्या माशासाठी त्याचा फायदा असतो. फक्त तो शिंगाळ्याचा प्रश्न नाही. शिंगाळ्याला जाडी हवी, घासायला अंग हवं. ०.७० ते ०.९० मिलिमीटरचा साधा नायलॉन, बस. वालागो नावाच्या माशाचे दात मात्र खरोखर धारदार, त्याच्यासाठी बसायचं तर तारेचा लीडर लावा. या दोन्हींत अदृश्य काही लागत नाही.

दुसरी गोष्ट तर आणखी लाजेची. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं. दिवसभर मायक्रोमीटर हातात, शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस. त्याने रिळाचा फोटो पाठवला होता, त्यावर स्वच्छ छापलं होतं: ६० पौंड, ०.४७ मिमी. साठ पौंडाचा फ्लोरोकार्बन पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. ०.४७ मध्ये साठ पौंड बसतच नाहीत, पंचवीस-तीस म्हणा. फोटो मी मोठा करून पाहिला तो माल आल्यानंतर. लेबल वाचा. घेण्याआधी वाचा.

तिसरी. दुसरे ७,०५० भरताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा साडी सेंटरचं. मी विचारलं. ‘सर, ते मोठ्या भावाचं खातं आहे.’ मोठ्या भावाचं साडी सेंटर असू शकतं की, नाशकात कुणाचं नसतं! असं म्हणून मी पिन टाकला.

मग ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय’. १,८९०. हे भरताना मी मित्रांना सांगितलं नाही, म्हणजे आतून मला कळलं होतं. गोडाऊन भिवंडीला असलेला माल कुठल्या कस्टममध्ये अडकतो?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिळं आली. शनिवारी रात्री दारणेला गेलो. थंडी अशी की शेकोटीपासून उठवेना, आणि थंडीत शिंगाळा मंदच असतो. तरी दीडच्या सुमारास गळाची काठी वाकली, चांगली वाकली, दोन मिनिटं झुंज झाली आणि हलकं झालं. लाईन ओढून घेतली तर लीडर मधूनच गेलेला, गाठीपाशी नव्हे. टोक पांढरं, चुरगळलेलं. मित्र म्हणाला, ‘खडक असेल.’ मीही म्हणालो, ‘खडकच.’

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात प्रयोग केला. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मीठ टाकत गेलो, विरघळेनासं होईपर्यंत. बायको म्हणाली, ‘अहो, अंडं तरंगवताय का?’ तेच तत्त्व. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, फ्लोरोकार्बनची १.७८, आणि मिठाने भरलेलं पाणी साधारण १.२. सँपलचा उरलेला तुकडा टाकला, गेला तळाला. नव्या रिळाचे चार तुकडे टाकले, चारही वर. बुडबुडा चिकटला असेल म्हणून भांड्याच्या साबणाचा थेंब सोडला, चमच्याने दाबले, तळाला नेऊन सोडले. परत वर. मी किती वेळ त्या पेल्याकडे बघत होतो कोण जाणे, चहाचं साय धरून पाणी झालं. सोमवारी कंपनीत मायक्रोमीटर लावला: ०.४६. छापलंय त्याहूनही कमी. बॅगा मोजायच्या काट्याला बांधून ओढला तर ११ किलोला तुटला. साठ पौंड म्हणजे २७ किलो. हा मिठाचा प्रयोग दोन रुपयांत होतो. जाळून बघायच्या भानगडीत पडू नका, फ्लोरोकार्बनचा धूर विषारी असतो.

इथे थांबलो असतो तर १५,९९० वर भागलं असतं. पण मी त्याला शिव्या घातल्या आणि तो अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘सॉरी काका, गोडाऊनवाल्याची चूक, पूर्ण रिफंड देतो.’ (सरचा काका झाला होता.) रात्री ११:४० ला क्यूआर कोड आला. माझी सेकंड शिफ्ट नुकती सुटलेली, तिन्ही भागीदार ‘पैसे कधी’ म्हणून मागे लागलेले, डोळ्यावर झोप. स्कॅन केला, पिन टाकला, ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. हे माझ्या मुलाने मला मागच्याच वर्षी समजावून सांगितलं होतं, म्हणून त्याला अजून सांगितलेलं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर त्याच मिनिटाला फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी दोन दिवसांनी केला, लाजेपायी. तो दोष माझा.

पण त्यानंतरचं माझं नाही. बँकेच्या शाखेत गेलो. साहेब जेवायला. साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा.’ रिझर्व्ह बँकेने २०१७ ला परिपत्रक काढलंय, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं मी म्हणालो. तर म्हणे ते अनधिकृत व्यवहारांसाठी. नियम त्यांच्या बाजूने असेलही, पण ज्या खात्यात पैसे गेले ते निदान कळवून गोठवा? ‘अर्ज टाकून जा.’ अर्ज टाकला. पोच मागितली तर शिक्का सापडेना!

पोलीस ठाण्यात तर मी पुरावा म्हणून सहाही रिळं घेऊन गेलो. संक्रांत तोंडावर, नायलॉन मांजाच्या धाडी जोरात. हवालदारांनी पिशवीत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हा मांजा कुठून आणलात?’ देवाशपथ. मी तक्रारदार, आणि पाऊण तास मी हे सिद्ध करत होतो की अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याने पतंग उडत नाही. मग दुसरे आले, ते म्हणाले, ‘मासे धरायच्या दोऱ्याला वीस हजार? अहो साहेब, वीस हजारात वर्षभर मासे येतील घरपोच.’ सगळं ठाणं हसलं. मीही हसलो, तेच जास्त लागलं. मग ‘पार्सल बाहेरून आलंय, आमच्या हद्दीत बसत नाही’. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे, हे मी छापून नेलं होतं. कागद वाचला, घडी केली, परत दिला. ‘वकील आहात का?’ चार चकरा झाल्या. दोन अर्ध्या रजा गेल्या, त्यांचे पैसे मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. एकदा लाईट नव्हती, एकदा ज्यांच्याकडे काम ते बंदोबस्ताला, एकदा ‘आधीचा अर्ज कुणाकडे दिला होता?’ तुमच्याकडेच दिला होता हो, याच टेबलावर, याच पेपरवेटखाली!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाईन तक्रार टाकली. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. विक्रेत्याचा पत्ता लागतो, तिथे मी साडी सेंटर लिहिलंय. चॅट उडवू नका, रागाच्या भरात ब्लॉक करू नका, पार्सलचं वेष्टन फाडून फेकू नका. मी वेष्टन शेकोटीत टाकलं होतं.

मित्रांचे ९,४०० मी माझ्या खिशातून परत केले. एक रीळ बायकोने गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलं. चादरी ओल्या असल्या की तेही खाली येतं.

हे सगळं मी कुणाला सांगणार नव्हतो. परवा मेहुण्याने एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, नंबर नवीन, ‘अदृश्य लीडर, शिंगाळ्यासाठी खास’. खाली ग्राहकांचे फोटो. दुसऱ्या फोटोत निळं जॅकेट घातलेला, टक्कल पडत चाललेला एक माणूस हातात मासा धरून दात काढून हसतोय, आणि खाली लिहिलंय, ‘माल एक नंबर, नाशिककरांनो बिनधास्त घ्या.’ ते मीच लिहिलं होतं, ७८० रुपयांच्या सँपलबद्दल.